खासगी टोकन नाण्यांवरच्या बंद्या: १६१३, १६७२, १८१७. कोणती टिकली आणि का?

खुर्देवाला

जुन्या नाण्यांच्या चर्चेत एक वाक्य हमखास येतं: "इंग्लंडमध्ये चार्ल्स दुसऱ्याने १६७२ मध्ये खासगी टोकन बंद केली." (टोकन म्हणजे सुट्या पैशांची तूट भागवायला दुकानदारांनी स्वतःच्या नावाने पाडलेली नाणी.) वाक्य बरोबर आहे, पण ते वाचून असं वाटतं की राजाने हुकूम काढला आणि दुकानदारांनी निमूटपणे ठसे मोडीत घातले. तशीच बंदी साठ वर्षं आधी येऊन फुकट गेली होती. १६७२ नंतर सव्वाशे वर्षांच्या आत टोकन पुन्हा गल्लोगल्ली फिरू लागली, तीही आधीपेक्षा देखणी. म्हणून तिन्ही बंद्या शेजारी ठेवून पाहू.

आधी मोजमाप. १ शिलिंग = १२ पेनी, १ पेनी = ४ फार्दिंग. वजनाला मी मुद्दाम रत्तल म्हणतो (७००० ग्रेन, ४५३.६ ग्रॅम), म्हणजे चलनातल्या पौंडाशी गोंधळ होणार नाही.

अडचण सरळ होती. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला चांदीची पेनी होती पावणेआठ ग्रेनची, म्हणजे अर्ध्या ग्रॅमची. त्या हिशेबाने चांदीचं फार्दिंग पाडलं तर ०.१२५ ग्रॅमचं होतं. ते चिमटीत धरता येत नाही आणि पाडायचा खर्च पेनीइतकाच. एलिझाबेथच्या काळात १५६१ ते १५८२ पाऊण पेनीचं चांदीचं नाणं पाडून पाहिलं: पेनी द्यायची, पाऊण परत घ्यायचं, की पाव पेनीचा सौदा झाला. डोकं चांगलं लढवलं होतं, पण त्यासाठी दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांच्याही गाठीला नेमकी नाणी हवीत. पाव, बिअर, मेणबत्ती, मीठ यांचा रोजचा व्यवहार फार्दिंगचाच. म्हणून किराणावाले आणि गुत्तेवाले शिशाचे बिल्ले पाडून मोड भागवत.

पहिली बंदी १९ मे १६१३ च्या जाहीरनाम्याची. पहिल्या जेम्सने लॉर्ड हॅरिंग्टनला तांब्याची फार्दिंग पाडायचा मक्ता दिला आणि त्याच दमात दुकानदारांच्या शिशा-पितळेच्या टोकनांवर बंदी घातली. हॅरिंग्टनने जेम्सची मुलगी राजकन्या एलिझाबेथ हिच्या सांभाळात बराच पैसा घातला होता, त्याची ही भरपाई. तो त्याच वर्षी वारला आणि मक्ता हातोहात फिरला: हॅरिंग्टनचं कुटुंब, मग लेनॉक्स, पहिल्या चार्ल्सच्या काळात रिचमंडची डचेस, मग माल्ट्रॅव्हर्स. १६४४ मध्ये पार्लमेंटने तो बंद केला. १६४९ च्या जानेवारीत राजाचं डोकं उडालं आणि राजाच्या नावाने घातलेली बंदी बजावणारं कोणी उरलं नाही. १६४८ ते १६७२ या सालांची हजारो दुकानदारांची, काही नगरपालिकांचीही टोकन आज सापडतात.

दुसरी १६ ऑगस्ट १६७२ ची. तिसरी १८१७ चा पार्लमेंटचा कायदा.

माझं म्हणणं एवढंच: सरकारने आधी खुर्दा पुरवला आणि मग बंदी घातली, तर ती टिकली. उलटा क्रम लावला किंवा पुरवलेला खुर्दाच खोटा निघाला, तिथे बंदी कागदावर राहिली. चर्चा होऊ द्या.

रोजमेळ

चांगला धागा. बाळबोध प्रश्न: १६१३ ची फार्दिंग तर राजाच्या शिक्क्याची होती. मग लोकांना ती का नको होती? आणि शेजारच्या गुत्तेवाल्याचा पितळी बिल्ला का हवा होता?

तांबट

रोजमेळ, याचं उत्तर तराजूत आहे. एक रत्तल तांब्यातून किती पैशांची नाणी काढली, ते बघा.

हॅरिंग्टनचं फार्दिंग ६ ग्रेनचं. ७००० भागिले ६ म्हणजे रत्तलाला ११६६ नग. चाराने भागा: २९१ पेनी आणि वर थोडं, म्हणजे २४ शिलिंग ३ पेनी. तांबं त्या काळी रत्तलाला दोन शिलिंगांच्या आतच मिळे. मधली सगळी तफावत राजा आणि मक्तेदार यांच्या खिशात. आणि एवढा नफा असेल तिथे चोरून पाडणारा पहिल्याच आठवड्यात उभा राहतो, कारण त्याला तीच तफावत सुटते, शिवाय राजाचा वाटा द्यायचा नाही.

मक्तेदार माल खपवायला २० शिलिंगांच्या चांदीवर २१ शिलिंगांची टोकन देत. आता ज्याच्याकडे मजुरी वाटायची आहे असा मालक काय करेल? सवलतीने टोकन विकत घेईल आणि मजुराला पूर्ण किमतीने देईल. मजूर ती घेऊन बाजारात जातो, तिथे दुकानदार म्हणतो ढीगभर नकोत. १६३० च्या दशकात सरकारलाच हुकूम काढावा लागला की एका वेळी २ पेनीपेक्षा जास्त रक्कम फार्दिंगमध्ये देऊ नये. चांदी परत मागायला गेलं की मक्तेदार खोट्याचं कारण सांगून टाळाटाळ करी, आणि खोटी तर त्याच्या हलक्या वजनामुळेच बोकाळलेली.

आता १६७२ बघा. एका रत्तलातून ४० हाफपेनी, म्हणजे २० पेनी. २९१ वरून २० वर! हाफपेनीचं वजन सव्वाअकरा ग्रॅम. तांबं, चकत्या (छाप उठवायच्या आधीचे कोरे गोल तुकडे) आणि टांकसाळीची मजुरी वजा जाता फारसं काही उरत नाही. खोटी पाडणाऱ्यालाही उरत नाही. बंदी बजावायचं काम शिपायापेक्षा या हिशेबाने जास्त केलं.

दफ्तरी

तांबट यांचा हिशेब पटला, पण १६७२ चं सगळं श्रेय वजनाला देऊ नका. त्या जाहीरनाम्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. आधीच्या जाहीरनाम्यांत "हे करू नका" एवढंच ठळक होतं. या वेळी राजाने लंडनच्या टॉवर किल्ल्यातल्या टांकसाळीत पाडलेली हाफपेनी आणि फार्दिंग ६ पेनीपेक्षा कमी रकमेच्या देण्याघेण्याला चालतील असं जाहीर केलं आणि त्यालाच जोडून खासगी नाणी बंद केली. सहा पेनीची मर्यादा फार महत्त्वाची. तिच्यामुळे तांब्याने मजुरी किंवा भाडं चुकवता येत नाही, म्हणजे मालकाची ती जुनी युक्ती संपली. वाटपासाठी लंडनमध्ये फेनचर्च स्ट्रीटवर स्वतंत्र कचेरी काढली.

पुरवठा मात्र पहिल्या दिवसापासून पुरेसा नव्हता. चकत्या स्वीडनमधून आणवाव्या लागल्या. त्यामुळे टोकन एका रात्रीत गेली नाहीत. पुढच्या दोन वर्षांत ताकीद देणारे जाहीरनामे पुन्हा निघाले.

आणि एक कायदेशीर बारकावा. १६१३ आणि १६७२ दोन्ही वेळा पार्लमेंटचा कायदा नव्हता, राजाच्या अधिकारातला जाहीरनामा होता. अमुक नगामागे अमुक दंड असं कोष्टक त्यात नाही. अशी बंदी राजसत्तेचा धाक असेपर्यंत चालते. पुढे १७८७ ला काय झालं, त्याचं बीज इथेच आहे.

ठसाकार

मधल्या काळातली (१६४८ ते १६७२) टोकन कशी बनत, यावर थोडं.

धातू बहुतेक तांबं किंवा पितळ, क्वचित शिसं. फार्दिंग साधारण १५ ते १७ मिलिमीटर व्यासाचं, वजन १ ग्रॅमच्या आसपास, बरीच त्याहूनही हलकी. १६६० नंतर हाफपेनीचं प्रमाण वाढलं. पेनी टोकन मुख्यतः वेल्स, उत्तर इंग्लंड आणि आयर्लंडकडची. काही हौशी दुकानदारांनी चौकोनी, अष्टकोनी, अगदी बदामाच्या आकाराचीही पाडून घेतली.

गावोगावच्या लोहाराने ठोकून काढली असा समज आहे, तो बहुतांशी चुकीचा. शेकडो मैल अंतरावरच्या गावांच्या टोकनांवर अक्षरांचे ठोकणे (ठशात अक्षर उठवायचे साचे) एकच दिसतात, एखादा तुटका पाय असलेला "आर" सगळीकडे तसाच तुटका. म्हणजे ठसे थोड्याच जागी, मुख्यतः लंडनला, कोरले जात. टॉवरच्या टांकसाळीतला डेव्हिड रॅमेज हा त्यातला मोठा. सरकारी टांकसाळीचा माणूस आणि सरकारी अवजारांची जाण, पण काम दुकानदारांचं. बंदी नसलेल्या काळात यात कुणाला वावगं वाटलं नाही.

टोकनवर एका बाजूला दुकानदाराचं नाव आणि मधे धंद्याची खूण: मेणबत्तीवाल्याच्या मेणबत्त्या, किराणावाल्याच्या साखरेच्या ढेपा, गुत्त्याची पाटी. दुसऱ्या बाजूला गाव आणि मधे तीन आद्याक्षरं त्रिकोणात: वर आडनावाचं, खाली डावीकडे नवऱ्याचं, उजवीकडे बायकोचं. त्या काळच्या छोट्या धंद्यात बायकोचा वाटा किती होता याचा इतका थेट पुरावा दुसरीकडे सहज मिळत नाही.

रोजमेळ यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. पितळी बिल्ल्यात धातू फारसा नव्हताच. पण तो घेऊन कुठे जायचं हे ठाऊक होतं: त्याच गल्लीत, त्याच पाटीखाली. व्यापारी खणांची पेटी ठेवत, एकेका दुकानदाराच्या टोकनाला एकेक खण. खण भरला की ती टोकन त्याच्याकडे नेऊन चांदी घ्यायची.

गुणाकार

म्हणजे तांबट यांच्या तराजूला इथे तडा गेला ना? १ ग्रॅमचं फार्दिंग म्हणजे रत्तलाला ४५३ नग, ११३ पेनी. १६७२ च्या सरकारी नाण्यापेक्षा साडेपाच पटीहून जास्त फुगवलेलं. तरी लोक घेत होते.

पुढचंही घ्या. १८६० मध्ये ब्राँझची पेनी आली, ९.४५ ग्रॅम, म्हणजे रत्तलाला ४८ पेनी. १६७२ च्या दुपटीहून जास्त फुगवटा, तरी खोट्यांचा पूर आला नाही. वजन हेच कारण असतं तर यायला हवा होता.

तांबट

गुणाकार, वजन हे एकमेव कारण आहे असं मी म्हटलेलं नाही. नाणं कशावर उभं आहे ते बघायचं. तीन टेकू असतात: आतला धातू, परत घेणारा माणूस, आणि नक्कल करायला लागणारं यंत्र. एक काढला तर बाकीच्यांनी भार पेलायला हवा.

दुकानदाराच्या टोकनात धातू नाही, पण परत घेणारा पाच घरं सोडून राहतो. चलनाचा परीघ एका गावाचा. त्याची नक्कल करणारा ते खपवणार कुठे? त्याच दुकानात, जिथे मालक स्वतःचे नग ओळखतो.

हॅरिंग्टनच्या फार्दिंगमध्ये धातू नाही, परत घेणारा टाळाटाळ करतो, आणि नक्कल कुणीही करावी इतकं काम हलकं. तिन्ही टेकू नाहीत. सुरुवातीला नक्कल अवघड व्हावी म्हणून त्याला कल्हई केली होती, तीही निरुपयोगी ठरली.

१८६० च्या पेनीत धातू कमी, पण वाफेच्या यंत्रावरचं काम. घरगुती भट्टीत तशी धार येत नाही.

हीच गोष्ट आकड्यांत, रत्तलाला किती पेनी असं:

१६१३ हॅरिंग्टन: २९१
१६७२: २०
१७१७ (शास्त्रज्ञ आयझॅक न्यूटन टांकसाळीवर असताना): २३
१७९७ (बोल्टन या कारखानदाराने सरकारसाठी पाडलेली): १६
१७९९: १८
१८०६: २४
१८६० ब्राँझ: ४८

१७९७ ला आकडा तळाला जातो, कारण लोकांचा विश्वास उडालेला होता आणि नाण्याला स्वतःच्या वजनावर उभं राहणं भाग होतं. त्यानंतर तो वर चढत गेलाय तो यंत्राच्या जोरावर.

ठसाकार

यंत्राच्या मुद्द्याला पुरवणी. १६३६ चं "गुलाबी" फार्दिंग (मागे गुलाबाचं फूल आहे म्हणून तसं म्हणतात) हा त्या मक्त्याच्या काळातला एकमेव शहाणा प्रयोग. तांब्याच्या चकतीत पितळेची छोटी पाचर बसवलेली. दोन रंगांचे धातू एकत्र दाबायला जास्तीची पायरी लागते, घरगुती नक्कलवाल्याला ती परवडत नाही. प्रयोग जमला, पण तोवर जनतेचा तिटकारा इतका पक्का झाला होता आणि यादवी युद्ध इतकं जवळ आलं होतं की उपयोग झाला नाही.

ही फार्दिंग धातूच्या पट्टीवर ओळीने छाप उठवून मग कापून काढत. न कापलेल्या पट्ट्या सापडल्या आहेत. बऱ्याच नगांवर छाप एका बाजूला सरकलेला किंवा कडेला अर्धवट कापलेला दिसतो, तो यामुळेच. तो दोष आहे, खोटेपणाची खूण नाही.

पाचरीची कल्पना पुढे १६८४ ते १६९२ मध्ये परत आली: कथलाची फार्दिंग आणि हाफपेनी, मधे तांब्याचा खिळा, आणि साल कडेवर. इथे दुसराच घोटाळा झाला. कथील दमट हवेत काळवंडतं, त्यावर फोड येतात, भुगा होतो. आज धड अवस्थेतलं नग मिळालं तर भाव चांगला येतो तो याच कारणाने.

खुर्देवाला

आता १७८७ कडे येऊ, कारण तिथे माझ्या मुद्द्याची कसोटी लागते.

१७५४ नंतर टांकसाळीने १७७० पर्यंत तांब्याची हाफपेनी पाडली नाही, आणि १७७५ नंतर तांबं पूर्ण थांबवलं. लोकसंख्या वाढतेय, कारखाने उभे राहतायत, शनिवारी शेकडो मजुरांना मजुरी वाटायची आहे आणि मोड नाही. पोकळी खोट्या नाण्यांनी भरली. टांकसाळीच्याच १७८७ च्या पाहणीत चलनातली जेमतेम ८ टक्के हाफपेनी अस्सलशी मिळतीजुळती निघाली. तांब्याची नक्कल करणं १७७१ पासून गंभीर गुन्हा होता, तरी ही स्थिती.

त्यातही पळवाट निघाली. राजाचं नाव किंवा मजकूर जसाच्या तसा उठवला तर नक्कल. म्हणून कारागिरांनी मजकूर जरासा फिरवला: "जॉर्ज रूल्स", "ब्रिटन्स आइल्स" असलं काहीतरी. अंधाऱ्या गुत्त्यात कोण वाचत बसतंय? आणि कोर्टात "हे राजाचं नाणंच नाही" म्हणायला मोकळे.

अशा वेळी वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस खाण कंपनीने १७८७ मध्ये स्वतःची पेनी काढली. एका बाजूला ओकच्या पानांच्या हारात ड्रुइडचं (प्राचीन केल्ट लोकांच्या पुरोहिताचं) डोकं, दुसऱ्या बाजूला कंपनीची आद्याक्षरं आणि "धारकास एक पेनी देण्याचं वचन". वजन १ औंस, रत्तलाला १६. कडेवर कुठे वटवून मिळेल ती ठिकाणं. तांबट यांच्या भाषेत तिन्ही टेकू भक्कम: धातू पुरेपूर, वटवायची जागा नमूद, काम सुबक. त्याच वर्षी लोखंडवाला जॉन विल्किन्सन आला, मग दहा वर्षांत शेकडो.

१६७२ चा जाहीरनामा कुणी मागे घेतला नव्हता. पण त्याच्या आधाराने यांच्यावर बडगा उगारायला सरकार पुढे आलं नाही, कारण टोकन बंद केली तर हातात काय द्यायचं?

फोडणी

म्हणजे सरकारी नाणं खोटं आणि खासगी नाणं खरं. उलटा दरबार.

खुर्देवाला

काही काळ तसंच. पण खासगी टोकनांचं सगळं गोड नव्हतं. १७९० च्या दशकाच्या मध्यावर हलकी टोकन निघाली, कडेवर पत्ता नाही किंवा बनावट पत्ता. एकाचा पुढचा ठसा आणि दुसऱ्याचा मागचा ठसा जोडून केवळ संग्राहकांना विकायला पाडलेलेही पुष्कळ. सामान्य माणसाला कोणतं वटेल आणि कोणतं नाही हे कळेना. लांबच्या गावचं टोकन दुकानदार बट्ट्याने घेऊ लागले.

१७९७ मध्ये सरकारने बोल्टनच्या सोहो टांकसाळीकडून १ औंसाची पेनी आणि २ औंसांची दोन पेनी पाडून घेतली. जाड कड आणि तिच्यात खोल कोरलेली अक्षरं. पेनी ३६ मिलिमीटरची, दोन पेनी ४१ ची. दहा-बारा नग खिशात टाकले तर खिसा फाटेल. त्या खेपेला नव्या कायद्याची गरजच पडली नाही. टोकन आपोआप मागे पडली. मग तांब्याचा भाव वाढला आणि नाणी वितळवण्यात फायदा दिसू लागला, म्हणून वजन उतरवत न्यावं लागलं. पूर्ण धातूच्या नाण्याचा हा तोटा.

कोरडवाहू

आयर्लंडचं उदाहरण इथे हवंच, कारण तिथे लोकांनीच सरकारमान्य खुर्द्यावर बंदी घातल्यासारखं केलं.

१७२२ मध्ये विल्यम वूड या इंग्रज लोखंड व्यापाऱ्याला आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडायचा १४ वर्षांचा मक्ता मिळाला. ३६० टन तांबं, रत्तलाला ३० पेनी. गुणाकार यांच्यासाठी हिशेब: ३६० गुणिले २२४० रत्तल गुणिले ३० पेनी म्हणजे १,००,८०० पौंड. त्याच वेळी इंग्लंडमध्ये रत्तलाला २३ होते. तोच राजा, पण आयर्लंडसाठी त्याच रत्तलातून सात पेनींची नाणी जास्त, म्हणजे आयरिश माणसाच्या नाण्यात धातू कमी. आयर्लंडच्या पार्लमेंटला विचारलंही नव्हतं.

१७२४ मध्ये न्यूटनने नमुने तपासले आणि ते कराराप्रमाणे असल्याचं कळवलं. करार पाळला होता हे खरंच. तक्रार कराराबद्दलच होती. डब्लिनचा धर्मगुरू जोनाथन स्विफ्टने कापडवाल्याच्या टोपणनावाने पत्रकं काढून लोकांना ही नाणी घेऊ नका म्हणून उठवलं. व्यापाऱ्यांनी नाणी नाकारली. १७२५ मध्ये मक्ता मागे घ्यावा लागला आणि वूडला वर्षाला ३,००० पौंड अशी भरपाई ठरली. उरलेला माल बराचसा अमेरिकेतल्या वसाहतींत खपवला.

थोडक्यात, राजाचा शिक्का आणि टांकसाळीचा दाखला दोन्ही असूनही दुकानदार "घेत नाही" म्हणाला तर खेळ खलास.

दफ्तरी

तिसरी बंदी मी घेतो.

१८११-१२ च्या सुमारास पुन्हा टोकनांची लाट आली. नेपोलियनशी युद्ध चालू, चांदी गायब, आणि टांकसाळीने १८०७ नंतर ब्रिटनसाठी तांबं पाडलेलं नाही. या खेपेला चांदीचीही टोकन निघाली. पार्लमेंटने १८१२ मध्ये सोन्याचांदीच्या टोकनांवर बंदीचा कायदा केला आणि मार्च १८१३ ची तारीख दिली. ती पुढे ढकलावी लागली, कारण त्या जागी द्यायला सरकारी चांदीच नव्हती. खुर्देवाला यांच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा नाही.

मग १८१६ चा नाणे कायदा. नवे शिलिंग आणि सहा पेनी १३ फेब्रुवारी १८१७ पासून बदलून द्यायला सुरुवात झाली. त्यानंतर तांब्याच्या टोकनांचा कायदा आला, त्याची रचना अशी:

नवी टोकन पाडणं २७ जुलै १८१७ नंतर बंद. चलनात फिरवणं १ जानेवारी १८१८ पासून बंद. मधले पाच महिने लोकांनी हातातली टोकन काढणाऱ्याकडे नेऊन वटवायला. दंड नगामागे, म्हणजे पोतंभर टोकन पाडणाऱ्याचा दंड पोत्याच्या हिशेबाने. आणि टोकन काढणाऱ्याची ती परत घ्यायची जबाबदारी बंदीमुळे संपत नाही.

शेवटची तरतूद नसती तर बंदी ही टोकन काढणाऱ्यांना कर्जमाफी ठरली असती. १६७२ मध्ये नेमकी हीच बाजू लंगडी होती.

मोडीवाचक

आपल्याकडचा संबंध विचारायच्या आधीच लिहितो.

एक, मुंबई. ज्या चार्ल्स दुसऱ्याने १६७२ मध्ये इंग्लंडात खासगी फार्दिंग बंद केली, त्याच वर्षी मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीची टांकसाळ सुरू झाली आणि तिच्यात तांब्याची व कथलाची हलकी नाणी पडू लागली. १६७६ मध्ये त्याच राजाने कंपनीला मुंबईत रुपये, पैसे आणि बुजरुक (हलकं, अगदी कमी किमतीचं नाणं) पाडायची सनद दिली. मायदेशात व्यापाऱ्याला मना, मुंबईत व्यापारी कंपनीला मुभा! फरक सनदेचा.

दोन, पेशवाई. इथे जपून बोलायला हवं, कारण आपल्याकडच्या खासगी टांकसाळी म्हणजे इंग्लंडमधली दुकानदारांची टोकन नव्हेत. त्या सरकारच्या परवान्याने, ठराविक वजनाची नाणी पाडत. १७४४ मध्ये नागोठण्याला आणि रेवदंड्याला तीन वर्षांच्या बोलीने टांकसाळीचे परवाने दिले. सरकारात भरणा पहिल्या वर्षी ५०, मग ७५, मग १०० रुपये. पैशाचं वजन १० मासे ठरवून दिलेलं, म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपास. त्या काळची इंग्रजी हाफपेनीही जवळपास तेवढीच भरते. रस्त्यावर चालणाऱ्या तांब्याच्या नाण्याला साधारण किती धातू लागतो, याचा अंदाज दोन्हीकडे एकच निघाला.

बिघाड सोन्याचांदीत झाला. धारवाडकडे हिणकस होन आणि मोहरा पाडणाऱ्या टांकसाळी बोकाळल्या, तेव्हा १७६५ मध्ये अशा २१ टांकसाळी बंद करून पांडुरंग मुरार याच्याकडे धारवाडची एकच टांकसाळ सोपवली. हजार नाण्यांमागे ६ सरकारचे. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी टांकसाळींवरच्या निबंधात हे दिलं आहे. इथेही क्रम बघा: बंदी आणि पर्यायी टांकसाळ एकाच हुकमात.

रोजमेळ

मराठी अंमल गेल्यावर शिवराई मात्र पुष्कळ वर्षं चाललीच ना?

मोडीवाचक

हो, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दख्खनच्या बाजारात शिवराई होती. कंपनीचं तांबं खेड्यापर्यंत पुरेसं पोचत नव्हतं, दुसरं काय.

कायद्याबद्दल: ब्रिटिश हिंदुस्थानात १८८९ च्या पहिल्या क्रमांकाच्या कायद्याने पैसा म्हणून वापरायला धातूचे तुकडे पाडणं आणि बाळगणं गुन्हा ठरवलं. तो स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. २०११ च्या नाणे कायद्याने तो रद्द केला आणि तशी मनाई स्वतःत सामावून घेतली. कँटीनची कुपनं कागदाची किंवा प्लास्टिकची असतात तोवर प्रश्न नाही. धातूचे तुकडे पाडून ते पैशासारखे बाजारात फिरवू लागलात की या कायद्याशी गाठ आहे.

फोडणी

लिलावात "सतराव्या शतकातलं इंग्लिश टोकन" म्हणून बरंच काही विकायला असतं. खरं-खोटं कसं बघायचं?

ठसाकार

क्रमाने सांगतो.

आधी ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन आणि कॅलिपरने व्यास. फार्दिंग म्हणून दिलेलं नग ३-४ ग्रॅम भरलं तर संशय घ्या.

मग कड भिंगाखाली. ओतीव नकलेला कडेभोवती बारीक शिवण असते किंवा ती कानशीने घासून काढल्याच्या समांतर रेघा असतात. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर ते ओतताना अडकलेल्या हवेचे. ठशाने पाडलेल्या नगाची अक्षरं पायाशी सरळ उठतात, ओतीव नगाची गोलसर, साबणासारखी.

नंतर मजकूर. नाव, गाव, धंदा, त्रिकोणातली आद्याक्षरं. आडनावाचं पहिलं अक्षर त्रिकोणाच्या वरच्या अक्षराशी जुळलं पाहिजे. स्पेलिंग वेडंवाकडं असणं सामान्य आहे, त्यावरून खोटं ठरवू नका. साल असेल तर १६४८ ते १६७२ मधलं. १६७२ नंतरचं साल दिसलं तर ते आयर्लंडचं आहे का ते आधी बघा, तिकडे टोकन थोडी जास्त वर्षं टिकली.

आणि घासू नका. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, काही नाही. पितळातला जस्त आम्लाने निघून जातो, नग गुलाबी आणि सच्छिद्र होतो आणि तो परत आणता येत नाही. माती असेल तर शुद्ध पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, मऊ ब्रशने काढा, पूर्ण सुकवा. कथलाच्या १६८४ ते १६९२ च्या नगांना पाणीही लावू नका.

गुणाकार

दफ्तरी, एक राहिलं. १८१८ ला सगळीकडे एकदम बंद झालं का? शेफिल्डच्या टोकनांना सवलत होती असं वाचल्याचं आठवतं.

दफ्तरी

होती, आणि बर्मिंगहॅमलाही. सवलत मिळालेली ही टोकन काढणारे दुकानदार नव्हते, गरिबांच्या मदतीची व्यवस्था पाहणारे स्थानिक अधिकारी होते. मदतीची रक्कम आणि सुटी मोड म्हणून त्यांनी इतकी टोकन बाजारात सोडली होती की पाच महिन्यांत सगळी परत घ्यायची तर त्या वर्षीचा गरीब-कर त्यातच संपला असता, आणि ज्यांच्या हातात ती होती ते मुळात मदतीवर जगणारेच. म्हणून कायद्यात नावं घालून मुदत वाढवली: बर्मिंगहॅम वर्कहाउसच्या (गरिबांना आसरा आणि काम देणाऱ्या घराच्या) टोकनांना २५ मार्च १८२० पर्यंत, शेफिल्डच्या टोकनांना २५ मार्च १८२३ पर्यंत. २५ मार्च हा तिकडचा तिमाही हिशेब चुकता करायचा दिवस, त्यामुळे तारीख तीच.